तीन नंबरची दांडी

भागूताईचं खरं नाव लाँड्रीत दोन-तीन जणांनाच ठाऊक होतं. लहानपणी ती कुत्र्याला घाबरायची, उंच जिन्याला घाबरायची, फुग्यालासुद्धा घाबरायची. म्हणून थोरला भाऊ तिला भित्री भागूबाई म्हणून चिडवायचा. एकदा तो तिचा विसरलेला डबा द्यायला कामावर आला आणि दारातूनच ओरडला, "ए भागू!" झालं. त्या दिवसापासून ती सगळ्यांची भागू झाली, आणि वय वाढलं तशी भागूताई. नंतर आलेल्या बायकांना ते आईबापांनी ठेवलेलंच नाव वाटायचं. तिनं कधी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करायचं तर चारचौघांत बोलावं लागलं असतं.

ही लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. इथे हॉस्पिटलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले धुतले जायचे. भागूताई लागली तेव्हा एक पत्र्याची शेड होती, दोन मशीन, एक जुना रोलर आणि नऊ माणसं. मालकाला सगळे दादा म्हणायचे. दादा स्वतः गाठोडी उतरवायचे, चादरी झटकायचे, आणि दुपारी नऊ जणांबरोबर जमिनीवर बसून डबा खायचे. कुणाच्या आईचं ऑपरेशन आहे, कुणाचं घरी भांडण झालंय, हे दादांना न सांगता कळायचं. नऊ माणसांत लपवणार काय आणि कुठे?

चौदा वर्षांत एका हॉस्पिटलाची अकरा झाली, शेडच्या जागी दोन मजली इमारत आली, आणि नऊ माणसांची एकशे साठ. रोलर चार झाले. दादा वरच्या मजल्यावर काचेच्या केबिनमध्ये गेले. खाली सगळं बघायला नवे साहेब आले. साहेबांनी दाराशी एक मोठा फळा लावला. त्यावर दर दोन तासांनी कुठल्या रोलरवर किती चादरी निघाल्या ते लिहिलं जायचं. आकडा कमी पडला की लाल खडूनं. कुणी ओरडत नसे. लाल खडू पुरे होता.

साहेब वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, कारण अशा गोष्टीत एक तरी वाईट माणूस सापडला की ऐकणाऱ्याला हायसं वाटतं. साहेब सगळ्यांना 'ताई', 'भाऊ' म्हणायचे, वेळेवर यायचे, स्वतःचा कप स्वतः विसळायचे. फक्त ते सदा घाईत असायचे, आणि घाईतल्या माणसाला अडवून काही सांगायचं म्हणजे पळत्या बसला हात करण्यासारखं.

एक दिवस दादांनी भागूताईला वर बोलावलं. जिना चढेपर्यंत तिनं गेल्या सहा महिन्यांतल्या आपल्या सगळ्या चुका आठवून ठेवल्या. पण दादा हसत होते.

"भागू, आता आपण वाढलो. मोठ्या ठिकाणी माणसांकडे बघायला वेगळं माणूस असतं म्हणे. मला बाहेरचं कुणी नकोय. तू माणसं बघ."

"माणसं बघू म्हणजे काय करू, दादा?"

"म्हणजे... ती खूश असली पाहिजेत."

तिला खालीच, कोपऱ्यातल्या खोलीत एक टेबल मिळालं आणि दारावर पाटी: कर्मचारी कल्याण प्रमुख. पाटी बघून नवरा म्हणाला, "एवढं लांब नाव? भागूच बरं होतं." नवरा शाळेची बस चालवायचा. डोक्यावर बर्फ ठेवल्यासारखा थंड माणूस.

भागूताईनं जमेल ते सुरू केलं. सगळ्यांचे वाढदिवस लिहून घेतले, पिण्याच्या पाण्याचा नवा फिल्टर बसवून घेतला, बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी लावून घेतली. आणि कॅन्टीनमध्ये एक कुलूपबंद सूचना पेटी टांगली. तीन आठवडे पेटी रिकामी. चौथ्या आठवड्यात एक चिठ्ठी निघाली. तिनं मोठ्या आशेनं उघडली. आत एकच ओळ होती: "पेटीच्या बरोबर वर कॅमेरा आहे."

तिनं वर बघितलं. खरंच होता.

तिनं पेटी काढून कपडे बदलायच्या खोलीत, आरशाशेजारी लावली. दुसऱ्याच दिवशी चिठ्ठी आली, वहीच्या कागदावर, ठळक गिरवलेल्या अक्षरांत. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिल्यासारखी. "तीन नंबरच्या रोलरची दांडी बांधलेली असते. रोज भीती वाटते."

भागूताईनं चिठ्ठीची घडी केली, पुन्हा घडी केली, इतकी की ती बोटाच्या पेराएवढी झाली, आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली.

दांडी म्हणजे काय ते सांगायला हवं. रोलर म्हणजे कमरेएवढ्या जाडीचं, वाफेनं तापलेलं लोखंडी लाटणंच म्हणा. दोघी जणी ओल्या चादरीची दोन टोकं धरून ती त्याच्याखाली सरकवतात. पलीकडून ती कोरडी, कडक होऊन बाहेर पडते. सरकवायच्या जागी, बोटांच्या जरा वर, एक आडवी दांडी असते. हात चुकून आत जायला लागला की दांडीला धक्का लागतो आणि रोलर जागच्या जागी थांबतो. दांडीचं काम तेवढंच. पण दांडीला बोट कुठलं आणि चादरीची जाड शिवण कुठली हे कळत नाही. शिवण लागली तरी रोलर थांबतो, पुन्हा सुरू करायला दीड-दोन मिनिटं जातात. दिवसात असं वीस वेळा झालं की फळ्यावर लाल खडू. म्हणून दांडी उचलून, फाटक्या चादरीच्या पट्टीनं वरच्या खांबाला बांधून ठेवायची. मग काही अडत नाही. हातही अडत नाही.

ही युक्ती कुणाची, हे आता कुणाला आठवत नव्हतं. भागूताईला आठवत होतं.

बारा वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलाला संध्याकाळच्या आत चादरी हव्या होत्या. जुना रोलर घडीघडी थांबत होता, दादा शेजारी उभे राहून कपाळ चोळत होते. भागूनं एका फाटक्या चादरीची पट्टी टर्रकन फाडली आणि दांडी वर बांधून टाकली. दादा म्हणाले, "शाबास! डोकं आहे तुला." भित्र्या मुलीला कुणी शाबास म्हटलं की ती ते जन्मभर जपते. पुढे नव्या बायकांना काम शिकवायची पाळी तिच्यावर आली, तेव्हा ती तेही शिकवायची. "ही दांडी अशी वर घ्यायची. अशी गाठ मारायची. लगेच सुटते, बघ." तीन नंबरवरच्या चिमणीला तिनंच शिकवलं होतं.

चिमणी म्हणजे काडीसारखी बारीक, तोंडाची टकळी सतत चालू असलेली एक बाई. तिची बडबड रोलरच्या आवाजावरून ऐकू यायची, म्हणून चिमणी. चिठ्ठी तिचीच असेल असं भागूताईला वाटलंही नव्हतं. जी एवढं बोलते ती लिहील कशाला?

आठ दिवस चिठ्ठी पर्समध्ये राहिली. भागूताई आधी मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री म्हणजे सगळ्या मशीनांची देखभाल करणारा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस.

"मिस्त्री, त्या दांड्या..."

"दिसतात मला, ताई. डोळे आहेत."

"मग?"

"मग काय? मी वर कळवलं तर पहिला प्रश्न मलाच, इतके दिवस काय करत होतास? तुम्ही कळवा. तुमच्या दारावर पाटी आहे."

ती साहेबांच्या केबिनपर्यंत गेली. दारावर टकटक केली. साहेबांनी फोन कानाला लावूनच भुवई उंचावली: काय? तिच्या तोंडून निघालं, "साहेब, ते... बायकांच्या खोलीत टॉवेल हवेत." साहेबांनी अंगठा दाखवला. संध्याकाळी बारा नवे टॉवेल आले. ते बघून तिला रडू आलं.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "हे बघ, तुला पाटी दिली ती शोभेला. तू गप्प राहा. झाकली मूठ." वर म्हणाला, "आणि पहिली तू बांधलीस हे तर कुणाला सांगूच नकोस." तिला तेवढंच हवं होतं. भित्र्या माणसाला गप्प बसायला एक साक्षीदार लागतो.

गुरुवार होता, सकाळचे साडेअकरा. भागूताई टेबलाशी वाढदिवसांची यादी काढत होती. रोलरांकडून एक आवाज आला. आधी तिला वाटलं, मशीनचा पट्टा तुटला. मग कळलं, माणसाचा आहे.

ती तिथे कशी पोचली ते तिला आठवत नाही. तीन नंबरपाशी बायका भिंतीसारख्या उभ्या होत्या, कुणी पुढे होत नव्हतं. मिस्त्री धावत भिंतीकडे गेला, मेन स्विच खाली ओढला. चार रोलर, सगळे ड्रायर, सगळे पंखे एकदम बंद पडले. त्या शांततेत चिमणी बारीक आवाजात नुसती "आई, आई" म्हणत होती. चादर तिच्या मनगटाला गुंडाळली गेली होती आणि उजवा हात पेरांपर्यंत आत होता. मिस्त्रीनं हातानं चाक फिरवून रोलर उचलला. भागूताईच्या एप्रनमध्ये दोरे कापायची कात्री असायची. तिनं चादर कापली, कापली, आणखी काय काय कापलं. हात मोकळा झाला. त्याच्याकडे तिनं बघितलं नाही. तिनं तो ओल्या टॉवेलात गुंडाळला. त्या नव्या बारांपैकी एकात.

गाडीत चिमणीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. चेहरा पांढराफटक, ओठ निळे. तिला वाटलं, ही आता हाताबद्दल विचारेल. चिमणी म्हणाली, "ताई, मला काढतील का?"

"गप्प पड. बोलू नकोस."

"सांगा ना त्यांना. मी मुद्दाम नाही केलं. ताई, तुम्ही सांगाल ना?"

हॉस्पिटलमध्ये तिला आत नेलं. भागूताई बाकावर बसली. नाक पुसायला रुमाल हवा म्हणून एप्रनच्या खिशात हात घातला, आणि हाताला चादरीची एक पट्टी लागली. अडीच बोटं रुंद, मध्ये गाठ, एका टोकाला कात्रीनं कापलेली.

हे तिथे कसं आलं? तिनं डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. चादर कापली, मनगट सोडवलं, मग कात्री वर गेली होती. दांडीकडे. दांडी खाली पडल्याचा खट् आवाज आला होता. पट्टी तिनं कापली होती आणि खिशात घातली होती. एक बाई ओरडत असताना, मनाला पत्ता लागू न देता, तिच्या हातानं आधी स्वतःला वाचवलं होतं.

ती स्वच्छतागृहात गेली. कचऱ्याच्या डब्याचं झाकण पायानं उघडलं. पट्टी डब्यावर धरली. कुणीतरी आत आलं. सफाईवाली होती, बादली घेऊन. तिनं नुसतं हसून विचारलं, "बरं आहे ना, बाई?" भागूताईनं पट्टी पुन्हा खिशात कोंबली आणि बाहेर पळाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, ते तिला त्या दिवशी कळलं.

दुपारी ती कारखान्यात परतली तेव्हा सगळं ठरल्यासारखं झालं होतं. तीन नंबरची दांडी खाली होती, पुस्तकातल्या चित्रासारखी जागेवर. साहेबांनी स्वतः येऊन बघितलं होतं, फोटो काढले होते. बायका खालमानेनं कामाला लागल्या होत्या. आणि एक, दोन आणि चार नंबरच्या दांड्यांवरच्या पट्ट्याही गुपचूप नाहीशा झाल्या होत्या. कुणी कुणाला विचारत नव्हतं. दोन माणसं कुजबुजताना दिसली की तिसरं बाजूला व्हायचं. एकशे साठ माणसांची पाचावर धारण बसली होती, आणि त्यांच्या कल्याणाची प्रमुख त्यांच्यात सगळ्यांत जास्त घाबरलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कॅन्टीनमध्ये बैठक. दादा, साहेब, मिस्त्री, रोलरवरच्या सात बायका, भागूताई. दादांचे डोळे सुजलेले होते. साहेबांनी कागद वाचला. "सदर अपघात कामगाराचं लक्ष विचलित झाल्यामुळे घडला. सुरक्षा दांडी जागेवर व चालू स्थितीत होती." मग त्यांनी तो टेबलावरून पुढे सरकवला. "ताई, कर्मचारी कल्याण प्रमुख म्हणून इथे तुमची सही."

भागूताईनं पेन उचललं. तिनं समोरच्या सात बायकांकडे बघितलं. सातही जणी टेबलाकडे बघत होत्या. त्यांतल्या पाच जणींना तिनंच शिकवलं होतं.

तिला चिमणीचा आवाज आठवला. हात चिरडलेल्या बाईला हाताआधी नोकरीची भीती वाटली होती. जिथे असं होतं तिथे वाढदिवसांच्या यादीचं काय लोणचं घालायचं?

"सही नाही होणार," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की साहेब म्हणाले, "काय?"

तिनं एप्रनच्या खिशातून पट्टी काढून कागदावर ठेवली.

"दांडी बांधलेली होती. ही मी कापली. काल. मलाही नंतर कळलं की मी कापली." तिनं पर्स उघडली. "आठ दिवस आधी मला चिठ्ठी आली होती. ती पण आहे. मी कुणाला दाखवली नाही. मला भीती वाटली. आणि पहिली गाठ... दादा, पहिली गाठ मीच मारली होती. बारा वर्षांपूर्वी. तुम्ही शाबास म्हणाला होतात."

दादा पट्टीकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा.

"ताई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय?" साहेब उठून उभे राहिले. "ही सगळी गोष्ट बाहेर गेली तर..."

"चारही बांधलेल्या असायच्या," मिस्त्री मध्येच म्हणाला. तो कुणाकडेच बघत नव्हता. "कालपर्यंत. मला माहीत होतं."

बायकांपैकी एकीनं एप्रनच्या खिशात हात घातला, तिच्या रोलरची पट्टी काढली आणि टेबलाच्या कडेला ठेवली. मग हात पटकन मागे घेतला, जणू चटका बसला.

दादा उठून गेले. साहेबांनी भागूताईला सांगितलं, कळवेपर्यंत घरी थांबा.

ती घरी पोचली तेव्हा नवरा सकाळची फेरी संपवून आला होता.

"बोललीस?"

"बोलले."

त्यानं बसची किल्ली खुंटीला लावली. ती वाट बघत होती की आता हा म्हणेल, सांगितलं होतं ना. तो म्हणाला, "चहा ठेवतो."

पुढचे तीन दिवस फोन वाजला की ती आतल्या खोलीत जायची. फोन नवराच उचलायचा. पोलीस येतील, लाँड्री बंद पडेल, एकशे साठ घरं तिच्या नावानं बोटं मोडतील. तिच्या डोक्यात सगळं होऊन जायचं. एकदा एक नंबरवरच्या बाईचा नवरा दारापर्यंत येऊन ओरडून गेला: "आमच्या बायकांची कामं घालवणार तुम्ही!" भागूताईच्या नवऱ्यानं त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं. दार लावल्यावर त्यानं कडी दोनदा ओढून बघितली, हे तिनं पाहिलं. डोक्यावरचा बर्फ कधीचाच वितळला होता.

चौथ्या दिवशी ती चिमणीला बघायला गेली. वॉर्डबाहेरच्या बाकावर दादा बसले होते, मांडीवर फळांची पिशवी. एकटेच.

"आत गेलात?" तिनं विचारलं.

"तासभर झाला बसलोय." दादांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "भागू, मला आत जायची भीती वाटतेय."

तिला हसू आलं नाही. ती त्यांच्याशेजारी बसली. थोड्या वेळानं दोघं उठून आत गेले.

चिमणीची दोन बोटं गेली होती, तिसरं वाकत नव्हतं. हात बँडेजमध्ये, उशीवर. तिनं दादांकडे बघितलं आणि आधी उठून बसायची धडपड केली. मग थांबली. पुन्हा उशीला टेकली.

"कशी आहेस, बेटा?" दादा म्हणाले.

"दादा, मला लाँड्रीत सहा वर्षं झाली," चिमणी म्हणाली. नेहमीची टकळी नव्हती. एकेक शब्द सावकाश. "माझं नाव काय?"

दादांनी तोंड उघडलं. त्यांना 'चिमणी' माहीत होतं. 'तीन नंबर' माहीत होतं. त्यांनी भागूताईकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. ती सांगणार नव्हती.

"ती चिठ्ठी मी लिहिली होती," चिमणी म्हणाली. मग तिनं आपलं नाव सांगितलं. दादांनी ते मोठ्यानं, दोनदा म्हटलं, लहान मुलानं पाठ करावं तसं. बाहेर आल्यावर ते जिन्यात थांबले, भिंतीकडे तोंड करून. भागूताई दोन पायऱ्या खाली उभी राहिली.

यानंतर सगळं सरळ झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल.

दादांनी तो कागद फाडून टाकला आणि झालं ते झालं तसं स्वतः लिहून सरकारी तपासनिसाकडे दिलं. दंड झाला, दोन आठवडे रोलर बंद राहिले. भागूताईला परत कामावर बोलावलं. फळा उतरवला. दांड्यांना बांधता येणार नाही असं लोखंडी आवरण मिस्त्रीनं बसवलं. आणि कॅन्टीनमध्ये सगळ्यांना उभं करून दादांनी सांगितलं, "कुणीही, कधीही मशीन थांबवायचं. कोणी थांबवलं हे विचारायचं नाही. का थांबवलं, एवढंच विचारायचं."

पहिला आठवडा एकानंही थांबवलं नाही. सगळ्यांना तो सापळा वाटत होता. दादा रोज सकाळी तासभर कॅन्टीनमध्ये येऊन बसायचे. त्यांच्या टेबलाच्या आजूबाजूची तीन टेबलं ओस पडायची. त्यांनी नावांची यादी खिशात ठेवली होती, रोज दहा पाठ करायचे आणि चुकायचे. एकदा ड्रायव्हरला त्यांनी शिवणकाम करणाऱ्या बाईच्या नावानं हाक मारली. ड्रायव्हर घाबरून "हो, दादा" म्हणाला. हसायची कुणाची टाप नव्हती.

भागूताईला वाटायचं, आता काही होणार नाही. माणसं एकदा घाबरली की घाबरलेलीच राहतात. तिला अनुभव होता. साहेबांनी दादांसमोर कबूल केलं होतं की फळ्यावरचे आकडे दांडी खाली असताना निघूच शकत नाहीत, हे त्यांना आधीपासून कळलं होतं. दादांनी त्यांना काढलं नाही. दोन आठवडे रोलरवर उभं केलं. साहेबांच्या हातची चादर पलीकडून चुरगळलेल्या पापडासारखी निघायची.

नवव्या दिवशी चार नंबरचा रोलर थांबला. थांबवणारी तिथली सर्वांत नवी बाई होती, महिनाभर झालेली. हातातल्या चादरी हातात राहिल्या. साहेब धावत आले, सवयीनं म्हणाले, "कोणी..." आणि तिथेच अडकले. गळ्याशी आलेला शब्द त्यांनी गिळला तो सगळ्यांनी बघितला.

"का थांबवलं?" त्यांनी विचारलं.

"चक्कर आल्यासारखं झालं," ती बाई म्हणाली, आणि रडायलाच लागली. "माफ करा, साहेब, आता सुरू करते, माफ करा..."

साहेबांना पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. नियमात तेवढंच होतं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, एक स्टूल ओढलं, तिला बसवलं आणि स्वतः पाणी आणायला गेले. येताना अर्धा पेला अंगावर सांडला. दुपारपर्यंत आणखी एक रोलर दोनदा थांबला.

काम मंदावलं. तीन महिन्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलनं चादरी दुसरीकडे द्यायला सुरुवात केली. बातमी खाली पोचायच्या आत दादा कॅन्टीनमध्ये आले आणि त्यांनी ती स्वतः सांगितली.

"आम्हाला काढणार का?" कुणीतरी मागून विचारलं. पूर्वी हे कुणी विचारलं नसतं.

"नाही. पाचवा रोलर घेणार होतो, तो घेणार नाही. मलाही भीती वाटतेय. पण काही लपवून ठेवणार नाही."

त्या दिवशी पहिल्यांदा मिस्त्री आपला डबा घेऊन दादांच्या टेबलावर जाऊन बसला.

चिमणी पाच महिन्यांनी परत आली. तिला ऑफिसात बसायचं काम देऊ केलं होतं. ती म्हणाली, "मी तिथे बसून काय करू? गप्प?" ती आता नव्या बायकांना काम शिकवते. तीन नंबरपाशी मात्र जात नाही. तिथलं शिकवायचं असेल तर लांब उभी राहून ओरडून सांगते. पहिल्याच दिवशी ती भागूताईच्या टेबलाशी आली.

"ताई, माफ केलं असं मी म्हणणार नाही."

"नको म्हणूस."

"तुम्ही शिकवलंत मला ते. आणि चिठ्ठी वाचूनही गप्प बसलात."

"हो."

"पण बोललात," चिमणी म्हणाली, आणि गेली.

भागूताई अजून घाबरते. खालची तक्रार घेऊन वर जायचं असलं की ती आधी जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबते. एकदा तर ती अर्ध्या जिन्यातून परत आली, पाणी प्यायली आणि पुन्हा चढली. आता तिच्याकडे चिठ्ठ्या कमी येतात, माणसं जास्त येतात. दारात उभी राहतात, आधी हवापाण्याचं बोलतात, मग खरं सांगतात. काही सांगतही नाहीत. ती विचारत बसत नाही, खुर्ची तेवढी पुढे करते.

सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी चिमणी कपडे बदलायच्या खोलीत येते. कामाच्या डगल्याची मनगटाची बटणं तिला एका हातानं लावता येत नाहीत. ती हात पुढे करते. भागूताई बटण लावते. तिची बोटं रोज थोडी कापतात, आणि बटण काजात जायला वेळ लागतो. चिमणी तोवर बडबड करत असते: कालची बस चुकली, शेजारीण असं म्हणाली, नव्या बाईला साधी घडी घालता येत नाही. हाताविषयी सोडून सगळं.